पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी: अॅव्हरेज 16 वरून साडेबारावर, दिवा लागत नाही, दोष सापडत नाही

स्टेअरिंगधारी

मंडळी, गाडी पंधरा वर्षांची आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, इंजेक्शनवाली, पाच गिअर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. नवी घेतल्यापासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे तिच्या सगळ्या खोडी पाठ आहेत. शहर आणि हायवे मिळून लिटरला 16 च्या आसपास द्यायची. गेल्या काही महिन्यांत घसरत घसरत साडेबारावर आली आहे.

बाकी तक्रार शून्य. पहिल्या सेल्फला चालू होते, धूर नाही, पिकअप ठीक, चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर आणि ऑइल बदलून झालं, फरक काही पडला नाही. आता मेकॅनिक म्हणतोय इंजेक्टर साफ करू, नाहीच जमलं तर ऑक्सिजन सेन्सर टाकू, मग बघू. मला त्या 'मग बघू'ची धास्ती वाटते. एकेक पार्ट बदलत बसण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

निवांत_पाचवा_गिअर

पंधरा वर्षं म्हणजे वय झालं हो तिचं. एवढं तर पडणारच. सोडून द्या आणि मजेत चालवा.

ग्रीसचे_डाग

वयाने एवढं पडत नाही. इंजिन इतकं झिजलं असतं तर ऑइल प्यायली असती, निळा धूर सोडला असता, चढावर दम टाकला असता. यातलं काहीच नाही म्हणतायत ते. काही महिन्यांत अॅव्हरेज पाचव्या हिश्श्याने पडतं तेव्हा त्यामागे नेमकं काहीतरी असतं, आणि बरेचदा एकापेक्षा जास्त गोष्टी असतात.

पण त्याआधी मोजमाप कसं करताय ते सांगा. डॅशबोर्डवरचा आकडा की टाकी भरून?

आकडेमोड

मी हेच विचारणार होते. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला असतो. इंजेक्टर गळका असला तर ती गळती त्याला दिसतच नाही. टाकी फुल करून किलोमीटर भागिले लिटर हाच खरा हिशोब. त्यातही पथ्यं आहेत: शक्यतो तोच पंप, तेच नोझल, पहिल्या कटला थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची बेरीज करून भागा. एका वेळी लिटर-दोन लिटर इकडेतिकडे झालं तरी आकडा चांगलाच हलतो.

दुसरं म्हणजे, टायर कधी बदललेत? आणि साइज तीच आहे ना?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेट्रोल भरल्याच्या नोंदी आहेत का तुमच्याकडे? वही, मोबाइल, बिलं, काहीही चालेल. अॅव्हरेज किती पडलं यापेक्षा कसं पडलं ते मला बघायचं आहे. पायरी उतरल्यासारखं एका दिवसात पडलं असेल तर त्या दिवसाच्या आसपास गाडीला कोणी काय केलं ते शोधायचं. हळूहळू घसरलं असेल तर काहीतरी झिजतंय, गंजतंय किंवा तुंबतंय.

स्टेअरिंगधारी

आकडेमोड ताई, वही आहे! ग्लव्ह बॉक्समध्ये असते, दर वेळी लिहितो. टाकी फुल करूनच काढतो अॅव्हरेज, डॅशबोर्डवर दाखवायची सोयच नाही या गाडीत.

टायर मागच्या वर्षाच्या शेवटी बदलले. आधी 175/65 आर14 होते, ती साइज मिळेना म्हणून दुकानदाराने 175/70 आर14 टाकले. 'चालतात' म्हणाला. बसलेही व्यवस्थित.

आकडेमोड

मग 3 टक्के तर इथेच सापडले. जुन्या टायरचा व्यास 583 मिलिमीटर, नव्याचा 601 च्या जवळ. चाक मोठं झालं म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण ओडोमीटर फेरेच मोजतो. तुम्ही 103 किलोमीटर गेलात तरी तो 100 दाखवणार. म्हणजे तुमचे साडेबारा प्रत्यक्षात 12.9 आहेत. (स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवत असेल, सांभाळा.) मोबाइलच्या जीपीएसवर हायवेचं लांब अंतर मोजून ओडोमीटरशी ताडून बघा.

आता एक करा, लिटरला किती किलोमीटर हे जरा बाजूला ठेवून 100 किलोमीटरला किती लिटर ते काढा. 16 म्हणजे 6.25 लिटर. 12.9 म्हणजे 7.75 लिटर. आपल्याला शोधायचं आहे ते 100 किलोमीटरमागे जास्तीचं दीड लिटर. असं मांडलं की प्रत्येक कारणाचा वाटा सरळ बेरीज-वजाबाकीने धरता येतो. लिटरमागे किलोमीटरमध्ये ती बेरीज नीट जुळत नाही.

आणि वहीतले आकडे टाका इथे.

कार्ब्युरेटरप्रेमी

आमच्या वेळी हे सोपं होतं. चोक अडकला का बघायचं, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का हलवून बघायचं, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी तोंडाने ओढून बघायची. डायफ्रॅम फाटका असला तर ओढ धरतच नाही. हायवेला हलक्या पायावर गाडी जास्त खात असेल तर दहातले निम्मे वेळा तिथेच सापडायचं. ज्यांच्याकडे अजून कार्ब्युरेटरवाली आहे त्यांनी हे आधी बघा, स्पार्कचं टायमिंग मागे राहिलं तर पेट्रोल जळतं पण कामाला येत नाही, सायलेन्सर तापवतं.

बाकी एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही याचं आश्चर्य वाटलं. आम्हाला तर लगेच पडायचा.

वायरिंगवाला

तो फरक कार्ब्युरेटरमुळे. तिथे फिल्टर तुंबला की मिश्रण दाट व्हायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इंजेक्शनच्या गाडीत आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं, हवा कमी आली तर पेट्रोलही कमी. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासून पाहिलं होतं: तुंबलेल्या फिल्टरने आधुनिक गाडीचा पिकअप मार खातो, अॅव्हरेज जवळपास तसंच राहतं. फिल्टर बदलावाच, पण अॅव्हरेजच्या आशेने नको.

स्टेअरिंगधारी, तुमच्या गाडीत ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचा) सॉकेट आहे का? स्टेअरिंगखाली डॅशच्या आत हात घालून बघा, सोळा पिनांचा चौकोनी. असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल पुरतो. दिवा लागला नाही म्हणजे ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) मते सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. लाइव्ह डेटामध्ये दिव्याच्या आधीच्या गोष्टी दिसतात.

ग्रीसचे_डाग

डोंगल लावाच, पण त्याआधी एक वाटणी करून घ्या. प्रश्न दोनच प्रकारचे असतात: इंजिन त्याच कामाला जास्त पेट्रोल जाळतंय, किंवा इंजिन बरोबर आहे पण गाडी ओढायला जड झाली आहे. सगळे पहिल्याच्या मागे धावतात, कारण तिथे सेन्सर आहेत आणि विकायला पार्ट आहेत. दुसरं कोणी बघतच नाही.

सपाट, मोकळा रस्ता आणि वारा नसलेली वेळ बघा. 60 च्या स्पीडला न्यूट्रल करा (इंजिन चालूच ठेवा, बंद केलंत तर ब्रेक आणि स्टेअरिंग जड होईल) आणि गाडी कशी थांबत जाते ते अनुभवा. उलट दिशेनेही करा म्हणजे उतार असला तर कळेल. हायवेला लांब चालवून शेवटचा टप्पा ब्रेक जवळजवळ न लावता संपवा आणि चारही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन बघा. हात टेकवू नका, डिस्क चटका देते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. डाव्या-उजव्याची तुलना करायची, पुढच्या-मागच्याची नाही. पुढची नेहमीच जास्त गरम असतात. एक चाक जोडीदारापेक्षा ठळक गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय.

मग जॅक लावा, स्टँड लावा, चाक हाताने फिरवा. पुढच्या डिस्कला पॅडची किंचित घासर असतेच. मागचं ड्रमचं चाक मात्र हँडब्रेक सोडल्यावर मोकळं फिरायला हवं.

टायरची हवा थंड असताना तपासा, हे सांगायला नकोच.

निवांत_पाचवा_गिअर

हवेने असा कितीसा फरक पडतो?

आकडेमोड

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा आहे: चारही टायरच्या सरासरीत दर एक पीएसआयला साधारण 0.2 टक्के. म्हणजे पाच पीएसआय कमी असले तरी एकच टक्का. हवा भरा, टायर टिकतील, गाडी सरळ थांबेल. पण 20 टक्क्यांचं खापर हवेवर फोडता येणार नाही.

काजळी

माझी डिझेल आहे. तिथे यादी वेगळी: टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा होज फाटणं, ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकणं, इंजेक्टरची रिटर्न लाइन जास्त वाहणं आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याचं जाळून साफ होणं वारंवार सुरू होणं. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना हा शेवटचा त्रास फार. धागा पेट्रोलचा आहे म्हणून आवरतो.

स्टेअरिंगधारी

वही काढली. जरा लांबण लागेल, पण ताईंनी मागितलंय.

टायर बदलायच्या आधीच्या सगळ्या नोंदी 15.7 ते 16.4 च्या दरम्यान. टायर बदलल्यावर साडेपंधराच्या आसपास स्थिर. तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मग मार्चच्या मध्यात एकदम 14.3, आणि तिथून पुढे दर टाकीला थोडं थोडं कमी: 14.1, 13.8, 13.5 असं करत आता 12.5.

मार्चमध्ये काय झालं ते वहीतच आहे: वॉटर पंप गळत होता, तो बदलला. नेहमीच्या गॅरेजात नाही, बाहेरगावी असताना वाटेत. त्याचा पेट्रोलशी काय संबंध म्हणून मी विषयच काढला नव्हता.

ग्रीसचे_डाग

संबंध असू शकतो. तापमानाचा काटा कुठे असतो हल्ली?

स्टेअरिंगधारी

मध्याच्या थोडा खाली. आधी मध्यावर असायचा का ते खरंच आठवत नाही. सिग्नलला जरा वर येतो, हायवेला खाली जातो. मला वाटलं नवा पंप चांगला काम करतोय.

वायरिंगवाला

हायवेला काटा खाली जातो हीच खूण आहे. थर्मोस्टॅट धड असेल तर वेग वाढला, वारा लागला तरी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) एका ठरावीक तापमानाच्या खाली जात नाही, कारण तो रेडिएटरकडची वाट बंद करतो. डोंगल आणा आणि हे बघा:

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी फक्त चावी फिरवून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखं हवं. कूलंटचा आकडा खूपच खाली असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय. तो ईसीयूला इंजिन कायम थंड आहे असं समजायला लावतो आणि ईसीयू दाट मिश्रण देत राहतो. हा सेन्सर साधा असतो, थंडीत रेझिस्टन्स जास्त, उष्णतेत कमी. 20 अंशांना साधारण दोन-अडीच किलोओहम, 80 ला तीनेकशे ओहम. मल्टिमीटरने तपासता येतो.

सेन्सर बरोबर निघाला तर हायवेवर कूलंट किती अंशांवर राहतं ते बघा. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 90 च्या दरम्यान उघडायला लागतात.

शिवाय फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते. हे जरा समजून घ्या, कारण इथे गोंधळ फार होतो. पेट्रोल नीट जळायला वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. ऑक्सिजन सेन्सर बघतो की जळून गेल्यावर ऑक्सिजन उरला का. उरला तर ईसीयू पेट्रोल वाढवतो, ट्रिम अधिकमध्ये जाते. उलट असेल तर उणे. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे पाचच्या आत असली तर निर्धास्त, दहाच्या पुढे गेली तर शोधायला लागायचं.

प्रश्नचिन्ह

म्हणजे ट्रिम शून्याजवळ असली तर इंजिन निर्दोष, असंच ना?

वायरिंगवाला

नाही! त्यासाठीच गोंधळ म्हटलं. ट्रिम म्हणजे सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयूने केलेली दुरुस्ती. सेन्सरलाच चुकीचं दिसत असेल तर दुरुस्तीच बिघाड होते. दोन नमुने देतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला बारीक चीर असेल तर एक्झॉस्टच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल ओततो. तसंच एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथे पोहोचतो. पेट्रोल वाया जात असतं आणि ईसीयू आणखी वाढवतो. दोन्हीकडे ट्रिम 'अधिक' दिसेल आणि लोक व्हॅक्यूम लीक (इंजिनात चोरवाटेने शिरणारी हवा) शोधत बसतील.

उणे ट्रिम दिसली तर ज्यादा पेट्रोल कुठून येतंय ते बघायचं. इंजेक्टर गळतोय, टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलाय, किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा डायफ्रॅम फाटलाय. शेवटचं तपासायला एक मिनिट लागतं. रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांकडून) येणारी बारीक व्हॅक्यूम नळी असते, ती उपसून टोकाचा वास घ्या. आतून ओली असेल किंवा पेट्रोलचा वास मारत असेल तर दुसरं काही शोधायलाच नको. डिपस्टिकचाही वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येतो का ते.

ग्रीसचे_डाग

ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधीही तो बघता येतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा व्होल्टेज लाइव्ह डेटामध्ये 0.1 ते 0.9 मध्ये सतत वरखाली नाचायला हवा. जोरात अॅक्सिलरेटर दिला की 0.9 कडे, आणि वेगात असताना गिअरमध्येच पाय पूर्ण काढला की पेट्रोल बंद होतं म्हणून शून्याकडे. ही दोन्ही टोकं झटकन गाठत असेल तर त्याला हात लावू नका. आळसावलेला, मध्येच कुठेतरी रेंगाळणारा असेल तर बदला.

निवांत_पाचवा_गिअर

पण मी वाचलंय की ऑक्सिजन सेन्सर बदलला की 40 टक्के सुधारणा होते?

वायरिंगवाला

'40 टक्क्यांपर्यंत', आणि तेही सेन्सर साफ गेलेला असेल तर. धडधाकट सेन्सर बदलून शून्य टक्के सुधारणा होते.

स्टेअरिंगधारी

डोंगल आला. निकाल:

सकाळी चालू करायच्या आधी कूलंट आणि हवा, दोघांमध्ये एका अंशाचा फरक. म्हणजे सेन्सर प्रामाणिक. लाँग टर्म ट्रिम अधिक 3. ऑक्सिजन सेन्सर ग्रीसचे_डाग काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही टोकं गाठतो. रेग्युलेटरची नळी कोरडी, वास नाही.

कूलंट मात्र बघण्यासारखं आहे. हायवेला 80 च्या स्पीडला 64 ते 67 अंशांवर घुटमळतं. ट्रॅफिकमध्ये अडकलो तर 80 च्या वर जातं आणि रस्ता मोकळा झाला की परत खाली. कोड काहीही नाही.

चाकांचंही केलं. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा उघड उघड गरम, थर्मामीटरची गरजच पडली नाही. अलॉयच्या भोकांतून ड्रमची धग जाणवते. जॅकवर घेऊन फिरवलं तर उजवं सोडल्यावर फिरत राहतं, डावं हात काढला की थांबतं.

ग्रीसचे_डाग

झालं की मग. वहीतली पायरी म्हणजे थर्मोस्टॅट आणि घसरण म्हणजे मागचा डावा ब्रेक. दोन वेगळे आजार एकमेकांच्या आड लपले होते.

डाव्या बाजूला व्हील सिलिंडर (ड्रममधला, ब्रेक दाबणारा) अडकलाय की हँडब्रेकची केबल, ते आधी ठरवा. गाडीखाली जाऊन (स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही) बॅकप्लेटमधून (ड्रमच्या मागच्या पत्र्यातून) बाहेर येणारी केबल बघा. कोणालातरी आत बसवून हँडब्रेक ओढून सोडायला सांगा. दोन्हीकडचा लिव्हर टक्कन परत यायला हवा.

वायरिंगवाला

माझा थोडा मतभेद. थर्मोस्टॅट बदलाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. 65 अंशांना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायला लागलेला असतो, ट्रिम बरोबर आहे, म्हणजे एकसारख्या वेगात मिश्रण 14.7 लाच आहे. मग तिथे ज्यादा पेट्रोल जाणार कुठून?

ग्रीसचे_डाग

मिश्रण बरोबर म्हणजे खर्च बरोबर असं नाही ना. इंजिन थंड म्हणजे ऑइल दाट, घर्षण जास्त. त्यावर मात करायला इंजिन जास्त हवा आणि जास्त पेट्रोल घेतं, प्रमाण मात्र 14.7 च. सिलिंडरच्या भिंती थंड, त्यातून उष्णता जास्त वाहून जाते. शिवाय अॅक्सिलरेटर देताना थंड इंजिनाला पेट्रोल जास्तीचं मिळतं, आयडलिंग चढं राहतं. सुरुवातीचं तापणंही लांबतं, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तर ते पूर्ण होतच नाही. तुमचा मुद्दा हायवेपुरता पटतो. शहरात फरक पडेल.

वायरिंगवाला

घर्षणाचं मान्य. तरी मी ब्रेकवर पैज लावतो. आणि पी0128 यायला हवा होता, थर्मोस्टॅटसाठीचाच कोड तो. पण जुन्या ईसीयूत ही तपासणी असेलच असं नाही.

आकडेमोड

पैज लावण्यापेक्षा मोजता येईल. स्टेअरिंगधारी, दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. एक करा, दोन-तीन टाक्या चालवा, मग दुसरं. आणि एक करताना बाकी काही बदलू नका, कॅरिअर, टायरची हवा, जायचा रस्ता, सगळं तसंच.

ग्रीसचे_डाग

ताई, हिशोब बरोबर आहे, पण ब्रेक थांबू शकत नाही. धरलेला ब्रेक तापून लायनर (ड्रमला घासणारी पट्टी) उचकटला किंवा व्हील सिलिंडरचं सील गेलं तर अॅव्हरेज कोण बघतंय. ब्रेक आधी, आजच.

आकडेमोड

हो, ब्रेक आधी. क्रम तोच ठेवा.

स्टेअरिंगधारी

ब्रेक झाला. केबलच निघाली. भाऊ हँडब्रेक ओढत-सोडत होता आणि मी खाली टॉर्च घेऊन. उजवा लिव्हर टक्कन जागेवर. डावा निम्म्यापर्यंत यायचा आणि तिथेच रेंगाळायचा. केबलचं बाहेरचं आवरण एका जागी फाटलं होतं, तिथून पाणी शिरून आतली तार गंजली होती. बोटाने ढकलला की लिव्हर परत जायचा. आत ब्रेक शूचे लायनर एका बाजूने चकचकीत काळे झालेले, ड्रमवर निळसर झाक. दोन्ही केबल आणि लायनर बदलले, ड्रम लेथवर घेतला.

ब्रेकनंतरच्या टाक्यांची सरासरी ओडोमीटरने 14.2.

वायरिंगवाला

म्हणजे जवळपास मार्चच्या आकड्यावर आलात. घसरण सगळी ब्रेकची होती.

स्टेअरिंगधारी

आता खरी गंमत. थर्मोस्टॅट घेऊन नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने हाउसिंगचे बोल्ट खोलले, आत बघितलं आणि मला हाक मारली. आत थर्मोस्टॅट नव्हताच. अडकलेला नाही, तुटलेला नाही, जागा रिकामी. वॉटर पंप बदलताना काढून टाकलेला दिसतोय, आणि मला सांगितलंही नाही.

कार्ब्युरेटरप्रेमी

ही जुनी सवय आहे. 'गाडी गरम होणार नाही' म्हणून उष्ण हवेच्या ठिकाणी सर्रास काढतात. पंप किंवा रेडिएटरचं काम झालं की परत येऊन तक्रार नको, म्हणून खबरदारी!

प्रश्नचिन्ह

पण उष्ण हवेत खरंच गरज असते का त्याची?

ग्रीसचे_डाग

असते. बाहेर 40 अंश असले तरी इंजिनाला 85-90 हवेत. ऑइलमध्ये शिरलेलं पाणी आणि पेट्रोलची वाफ उडून जायला तेवढी उष्णता लागते, नाहीतर ऑइल लवकर खराब होतं आणि सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढला की कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळून फिरत राहतो आणि चढावर, ट्रॅफिकमध्ये उलट जास्तच गरम होऊ शकते. गरम होण्याची तक्रार असेल तर पंखा, रेडिएटर, कॅप तपासायची.

स्टेअरिंगधारी

नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट बदललं, हवा काढली. आता हायवेला 86-88 वर स्थिर, काटा बरोबर मध्यावर. टाक्यांची सरासरी ओडोमीटरने 15.3.

आकडेमोड

टायरच्या साइजचा फरक धरून 15.75, म्हणजे 100 किलोमीटरला 6.35 लिटर. सुरुवातीला 6.25 होतं. उरला फक्त 0.1 लिटरचा फरक, तो तुमच्या टाकी भरण्याच्या फरकातही बसतो. दीड लिटरपैकी ब्रेकचा वाटा 0.9 च्या आसपास आणि थर्मोस्टॅटचा अर्ध्या लिटरच्या. वायरिंगवाले पैज जिंकले, पण काकांचा अर्धा लिटरही काही थोडाथोडका नाही.

आणखी एक लक्षात असू द्या. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वाढलं तर थोडं पडणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे 10 टक्के मिश्रणाला 3 टक्क्यांच्या आसपास फटका बसतो. थंडीच्या दिवसांतही पडतं. तुलना करताना मागच्या वर्षीच्या त्याच ऋतूतल्या नोंदीशी करा, तुमच्याकडे वही आहेच.

निवांत_पाचवा_गिअर

इंजेक्टर क्लीनिंगचं काय झालं मग?

स्टेअरिंगधारी

नाही केलं. आयडलिंग एकसारखं आहे, ट्रिम बरोबर आहे. मेकॅनिकलाही दाखवले आकडे, तोच म्हणाला राहू दे.

प्रश्नचिन्ह

माझ्याही गाडीचा काटा हायवेला खाली जातो. रविवारी खोलणार आहे. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो चालतो का हे कसं बघायचं? आणि बसवायची दिशा कळते का?

ग्रीसचे_डाग

पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर तापमान कोरलेलं असतं, 82 किंवा 88 असं काहीतरी, त्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं पाहिजे. पाणी उकळेपर्यंत चांगलं उघडलेलं दिसेल. थंड झाल्यावर घट्ट मिटायला हवं. उजेडासमोर धरून फट बघा.

दिशा: स्प्रिंग आणि मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला. कडेला एक बारीक हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, भरताना अडकलेली हवा तिथून निघते. जुनं रबर किंवा गास्केट परत वापरू नका. आणि इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय कॅप उघडू नका.